९७–६ : मॅकॅलेस्टर कॉलेजचे सलग ५० पराभव

अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉल शहरात मॅकॅलेस्टर नावाचे छोटे खासगी कॉलेज आहे. १८७४ साली स्थापन झालेले. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस झालेले कोफी अन्नान १९६१ मध्ये इथूनच पदवीधर झाले. या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाने १९७७ च्या हंगामात नऊ सामन्यांत ५३२ गुण दिले. सामन्यामागे सरासरी ५९.१. मूरहेडच्या कॉन्कॉर्डिया कॉलेजकडून तर ते ९७–६ असे हरले. पण हा हंगाम म्हणजे एका लांबलचक मालिकेचा मधला तुकडा होता. १९७४ मध्ये सुरू झालेली पराभवांची रांग सप्टेंबर १९८० मध्ये तुटली, तोवर ओळीने ५० सामने गेले होते. १९७५ ते १९७९ या पाच हंगामांत एकही विजय नाही.

अशा संघाबद्दल दोनच निदाने ऐकू येतात. एक, पोरांत जिद्द नव्हती. दोन, प्रशिक्षकाला काही येत नव्हते. पहिले तर सरळ चूक आहे. चाळीस सामने हरल्यावरही जो मुलगा शनिवारी दुपारी हेल्मेट चढवून मैदानात उतरतो, त्याला जिद्दीचे धडे द्यायची गरज नसते. दुसरे निदान तपासून पाहता येते, आणि तपासले की लक्षात येते की प्रशिक्षक बदलून फारसे काही साधले नसते. हे प्रकरण डोकी मोजण्याचे आहे.

आधी खेळाचा नियम. आजचा अमेरिकन फुटबॉल दोन वेगळ्या संघांनी खेळला जातो, आक्रमणाचे अकरा आणि बचावाचे अकरा. चेंडूचा ताबा बदलला की अकराच्या अकरा बाहेर जातात आणि दुसरे अकरा आत येतात. हे पूर्वी असे नव्हते. १९५३ मध्ये कॉलेज फुटबॉलने बदली खेळाडूंवर कडक बंधने घातली, आणि पुढची बारा वर्षे एकच माणूस दोन्ही बाजूंनी खेळत असे. त्या काळात तीस धडधाकट मुले असलेले कॉलेज साठ मुलांच्या कॉलेजशी बरोबरीने झुंजू शके, कारण मैदानात शेवटी तेच तेच अकरा असत. १९६५ पासून बदली पुन्हा मोकळी झाली आणि मोठ्या संघांना आपली संख्या थेट मैदानात वापरता येऊ लागली. छोट्या कॉलेजांच्या पायाखालची जमीन तेव्हाच सरकायला लागली. मॅकॅलेस्टरची रांग त्यानंतर नऊ वर्षांनी सुरू झाली.

पैशाची बाजूही त्याच सुमारास लंगडी पडली. 'रीडर्स डायजेस्ट'चे संस्थापक डेविट वॉलेस हे या कॉलेजचे माजी विद्यार्थी आणि सर्वांत मोठे देणगीदार. त्यांचे वडील कॉलेजचे अध्यक्ष होते. १९७० च्या सुमारास वॉलेस यांनी हात आखडता घेतला आणि कॉलेजच्या अंदाजपत्रकाला मोठे भोक पडले. अशा वेळी फुटबॉल कागदावर बंद होत नाही, आतून झिजतो. सहायक प्रशिक्षक पूर्णवेळचा अर्धवेळ होतो, शाळाशाळांत फिरून मुले हेरण्याचा प्रवास कमी होतो, आणि याचा परिणाम दोन-तीन वर्षांनी मैदानात दिसतो. त्यात १९७३ पासून एनसीएए या कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेचा तिसरा विभाग आला. या विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही. मुलाला कॉलेज आवडावे, अभ्यासात प्रवेश मिळावा आणि घरच्यांना फी परवडावी, एवढ्या तीन चाळण्यांतून खाली येईल तोच तुमचा खेळाडू.

आता तो हिशेब मांडून पाहू. आकडे नमुन्याचे आहेत, पण प्रत्येक छोट्या कॉलेजचा प्रशिक्षक फेब्रुवारीत हाच तक्ता मांडून बसतो. समजा दर वर्षी पहिल्या वर्षाचे २८ खेळाडू येतात आणि दर वर्षी चौघांतला एक सोडून जातो. मग चार वर्षांच्या तुकड्या २८, २१, १६ आणि १२ अशा होतात. एकूण ७७. हा धड संघ झाला. येणारे निम्मे करा, १४. गळती तीच ठेवा. तुकड्या १४, १०, ८, ६. एकूण ३८. आता यात पराभव मिसळा. दर आठवड्याला पन्नास गुणांनी हरणाऱ्या संघात गळती पंचवीस टक्के राहत नाही. ती चाळीस टक्के धरली तर १४, ८, ५, ३ म्हणजे ३० उरतात, आणि त्यांत शेवटच्या वर्षाचे तिघेच. समोरच्या संघात बावीस वर्षांची, चार वर्षे व्यायामशाळेत वजन उचललेली मुले, तुमच्याकडे काल-परवा बारावी झालेली. या खेळात अठरा आणि बावीस यांत दहा-बारा किलोंचा सहज फरक असतो.

धड संघाला लागतात किती? आक्रमण ११, बचाव ११, प्रत्येक जागेला एक राखीव धरून ४४. वर चेंडू लाथाडणारा किकर, पंट मारणारा पंटर आणि लांबून चेंडू मागे फेकणारा लाँग स्नॅपर. झाले ४७, आणि यात एकही जखमी धरलेला नाही.

सामना शनिवारी हरला जातो हे वरवरचे. तो हरायला सुरुवात मंगळवारी होते. मंगळवार-बुधवारच्या सरावात प्रतिस्पर्ध्याचे डाव राखीव खेळाडूंकडून हुबेहूब खेळवून घ्यायचे असतात. या राखीव तुकडीला स्काउट टीम म्हणतात. तुमच्या बचावाच्या अकरांसमोर स्काउटचे अकरा हवेत, आणि आक्रमणासमोर वेगळे अकरा. ३८ पैकी सहा जण बर्फाच्या पिशव्या लावून कडेला बसले असतील तर उरले ३२. बावीस जणांचा सराव चालू असताना उरलेल्या दहांतून अकरा काढायचे कसे? मग पहिल्या फळीचा गार्ड, म्हणजे पुढच्या रांगेत धडक घेणारा मुलगा, स्काउट टीममध्येही उभा राहतो, बुधवारी दुप्पट मार खातो आणि शनिवारी पहिल्या अर्ध्यातच त्याचे पाय जड होतात. हे टाळायचे तर अकरा विरुद्ध अकरा हा प्रकारच सोडावा लागतो. लाइनचा, म्हणजे पुढच्या रांगेचा, अर्धाच भाग घेऊन तीन विरुद्ध तीन, पासचा सराव सात विरुद्ध सात, आणि पूर्ण अकरांचे डाव फक्त चालत-चालत, धडक न घेता.

यातला विरोधाभास मॅकॅलेस्टरच्या अगदी शेजारीच होता. त्याच लीगमध्ये, म्हणजे एमआयएसीमध्ये, सेंट जॉन्स विद्यापीठाचे जॉन गॅग्लियार्डी प्रशिक्षक होते. १९५३ पासून २०१२ पर्यंत ते तिथे राहिले आणि कारकिर्दीत त्यांनी ४८९ सामने जिंकले. सरावात कोणी कोणाला जमिनीवर पाडायचे नाही, हा त्यांचा प्रसिद्ध नियम. म्हणजे ज्यांच्याकडे माणसांची रेलचेल होती ते माणसे जपत होते. तीस जणांच्या संघाने तर पहिल्या दिवसापासून हेच करायला हवे. मात्र त्यात एक मेख आहे. अननुभवी मुलाला पाडायला शिकवले नाही तर शनिवारी तो दोन्ही हात पसरून नुसता पळणाऱ्याच्या मागे राहतो. मधला मार्ग म्हणजे 'थड'. खांदा भिडवायचा, हात कमरेला आवळायचे, पाय चालू ठेवायचे, पण खाली घ्यायचे नाही. दिवसाला प्रत्येकी आठ-दहा वेळा, आणि सामन्याच्या आदल्या दोन दिवसांत बिलकूल नाही.

एमआयएसीचा विषय निघालाच आहे तर वेळापत्रकही पाहायला हवे. सेंट जॉन्सने १९७६ मध्ये तिसऱ्या विभागाचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले होते. ९७ गुण लावणारे कॉन्कॉर्डिया पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये, एनएआयए या दुसऱ्या संघटनेच्या दुसऱ्या विभागात राष्ट्रीय विजेते झाले. लीगचे सामने ठरलेलेच असतात, त्यात निवड नसते. म्हणजे मॅकॅलेस्टरचा संघ दुबळा होता हे खरेच, पण तो देशातल्या आपल्या वर्गातल्या सर्वांत ताकदवान मोहल्ल्यात राहत होता.

आता प्रत्यक्ष मैदानात ९७ पर्यंत आकडा कसा चढतो ते पाहू, कारण इथे बहुतेक संघ स्वतःचाच गळा आवळतात. नियम साधा आहे. चार प्रयत्नांत, म्हणजे डाऊनमध्ये, दहा यार्ड गाठायचे. तीनमध्ये जमले नाही की चौथ्यावर पंट मारून चेंडू लांब धाडायचा. सामना पंधरा मिनिटांच्या चार सत्रांचा. पास जमिनीवर पडला तर घड्याळ थांबते. धावणारा मैदानाच्या आत पडला तर घड्याळ चालूच राहते. त्या काळी पंचांनी चेंडू तयार असल्याची खूण केल्यावर पुढचा डाव सुरू करायला २५ सेकंद मिळत.

पंचवीस गुणांनी मागे पडलेला संघ घाईत पास फेकू लागतो. तीन पास हुकले, पंट मारला, की घड्याळातले जेमतेम अर्धे मिनिट गेलेले असते. तोच संघ तीनदा मधल्या फळीत धावला असता, प्रत्येक वेळी पुरे २५ सेकंद खाल्ले असते, आणि मग पंट मारला असता, तर दोन मिनिटे गेली असती. फरक दीड मिनिटाचा. दहा वेळा ताबा आला तर पंधरा मिनिटे, म्हणजे सबंध एक सत्र. पास फेकणाऱ्या दुबळ्या संघाने प्रतिस्पर्ध्याला एक सत्र फुकट दिलेले असते, आणि तेही स्वतःच्या थकलेल्या बचावाविरुद्ध. एरवी बचावाच्या वाट्याला ६५–७० डाव येतात. असे झाले की ९० येतात. दोन्ही बाजूंनी खेळणारा मुलगा असेल तर त्याचे १३० च्या वर.

वर किकऑफचा भुर्दंड वेगळा. प्रत्येक टचडाऊननंतर, म्हणजे चेंडू समोरच्याच्या शेवटच्या पट्ट्यात नेल्यावर (त्यापाठच्या किकसह सात गुण), गुण घेणारा संघ चेंडू लाथाडतो आणि दुसरा संघ तो झेलून परत धावतो. चाळीस-चाळीस यार्डांवरून पूर्ण वेगाने येणाऱ्या मुलांची धडक, या खेळातला सर्वांत धोक्याचा प्रकार. ९७ गुण म्हणजे टचडाऊनच्या हिशेबात जवळजवळ चौदा. एरवी सामन्यात चार-पाचदा होणारी गोष्ट चौदा वेळा, आणि छोट्या संघात किकऑफ परतवायला तीच मुले उभी असतात जी नंतर आक्रमणात आणि त्याआधी बचावात असतात. घोटा मुरगळला की एक ते तीन आठवडे गेले. म्हणून ९७–६ च्या पुढचा शनिवार आदल्यापेक्षा अवघड असतो. समोर कोण आहे याने त्यात फारसा फरक पडत नाही.

पंटचेही तसेच. स्नॅपर चेंडू पायांमधून चौदा-पंधरा यार्ड मागे फेकतो. त्याला ०.८ सेकंद लागावेत. चेंडू पंटरच्या पायातून सुटेपर्यंत एकूण २.१ च्या आत काम व्हायला हवे. चेंडू जरा उंच गेला आणि २.४ झाले, तर तेवढ्यात आत घुसलेला माणूस दोन यार्ड अधिक पुढे आलेला असतो आणि पंट छातीवर अडतो. खास स्नॅपर नसलेला संघ हे काम सेंटरला देतो. हाच सेंटर आक्रमणात प्रत्येक डावाला चेंडू देत असतो. चौथ्या सत्रात त्याचे हात थरथरत असतात. छोट्या संघात डाव चालवणारा क्वार्टरबॅक जखमी झाला तर डाव बिघडतात. सेंटर जखमी झाला तर डाव सुरूच होत नाही. तरीही राखीव क्वार्टरबॅक सगळ्यांकडे असतो, राखीव सेंटर क्वचित.

असा संघ हाती आलेल्या प्रशिक्षकाने कामाला सुरुवात म्हणूनच लाइनपासून करावी. पाच जागांसाठी पाच नाही, सहा माणसे पक्की करायची. सहाव्याला सेंटर, गार्ड आणि टॅकल तिन्ही जागा शिकवायच्या आणि त्याच्याकडून रोज पंचवीस छोटे व पंधरा लांब स्नॅप करून घ्यायचे. माणूस दोन्ही बाजूंनी वापरावाच लागला तर तो कडेचा वापरावा, पास झेलणारा बाहेरचा रिसीव्हर आणि अशा रिसीव्हरला रोखणारा कॉर्नरबॅक. दर डावाला धडक घेणाऱ्या लाइनमनला दोन्हीकडे उभे करणे म्हणजे ऑक्टोबरसाठी ठेवलेला माणूस सप्टेंबरमध्येच संपवणे.

आक्रमण कोणते घ्यावे यावर मतभेद आहेत, पण त्या काळचे उत्तर चांगले होते : ट्रिपल ऑप्शन. यात समोरच्या एका बचावपटूला मुद्दाम मोकळे सोडतात. तो आत आला तर क्वार्टरबॅक चेंडू बाहेर काढतो, बाहेर थांबला तर चेंडू आत धावणाऱ्याला देतो. ज्याला तुमचा ऐंशी किलोचा मुलगा अडवूच शकणार नाही, त्याला अडवायचेच नाही. शिवाय बहुतेक डाव धावण्याचे, त्यामुळे घड्याळ चालत राहते. यात बिघडते काय, तर हातातून निसटणारे चेंडू. कडेला फेकायचा तो पिच रोज शंभरदा केला नाही, तर हे आक्रमण प्रतिस्पर्ध्याला आयते टचडाऊन वाटत सुटते.

एवढे करून संघ जिंकू लागतो असे नाही. पन्नासने हरायचा तो वीसने हरतो, जखमी कमी होतात, आणि पुढच्या वर्षी चाळीसऐवजी तीस टक्के गळती होते. पाच वर्षांत दुरुस्ती झालीच तर अशी होते. एखाद्या शनिवारच्या भाषणाने होत नाही.

काही कॉलेजांनी हा तक्ता मांडून वेगळे उत्तर काढले. पेनसिल्व्हेनियातल्या स्वार्थमोरने डिसेंबर २००० मध्ये फुटबॉल बंद केला. वर्षाला पावणेचारशेच्या आसपास विद्यार्थी घेणाऱ्या कॉलेजात फुटबॉलसाठी पंचवीस-तीस जागा म्हणजे प्रवेशाचा मोठा लचका, ही त्यामागची अडचण. इंडियानातल्या अर्लहॅमने २०१८ मध्ये मॅकॅलेस्टरचा ५० चा आकडा ओलांडला, ५३ वर पोचला आणि त्या हंगामानंतर संघ थांबवला. आयोवातल्या ग्रिनेलची गोष्ट जास्त बोलकी आहे. १ ऑक्टोबर २०१९ रोजी, तीन सामने हरल्यावर, त्यांनी उरलेला हंगामच रद्द केला. खेळू शकतील अशी २८ मुले उरली होती, आणि आता खेळणे धोक्याचे आहे असे त्या मुलांनाच वाटत होते. कॉलेजची गंगाजळी अब्जावधी डॉलरची, पण पैसा बचावात उभा राहत नाही. वरच्या तक्त्यात ३० चा आकडा आला होता तो आठवावा.

मॅकॅलेस्टरने संघ बंद केला नाही. २००२ पासून फक्त फुटबॉलपुरते ते एमआयएसीमधून बाहेर पडले, बारा वर्षे स्वतंत्र खेळले आणि २०१४ मध्ये मिडवेस्ट कॉन्फरन्समध्ये गेले. त्याच वर्षी तिथले विजेतेपद मिळवून पहिल्यांदा राष्ट्रीय बादफेरीत पोचले. कॉलेज तेच होते, शेजार बदलला होता. मागे राहिलेल्या एमआयएसीमध्ये २०१७ साली सेंट थॉमसने सेंट ओलाफला ९७–० ने हरवले. पुन्हा तोच ९७. पण या वेळी लीगने हरणाऱ्याला नाही, जिंकणाऱ्याला बाहेर काढले. २०१९ मध्ये तसा निर्णय झाला, आणि सेंट थॉमस २०२१ मध्ये थेट पहिल्या विभागात गेले. १९७७ मध्ये असा विचार कोणाच्या डोक्यात आला नव्हता.

रांग तुटली ती ६ सप्टेंबर १९८० रोजी, आणि तिथेही हाच हिशेब दिसतो. हंगामाचा तो पहिला सामना. वर्षातला हा एकच शनिवार, ज्या दिवशी छोट्या संघातले सगळे धडधाकट असतात. समोर लीगमधले बलाढ्य कॉलेज नव्हते. विस्कॉन्सिनमधल्या लेडीस्मिथ गावचे माउंट सेनारियो होते, तेही छोटेच कॉलेज. लीगबाहेरचे सामने तेवढे कॉलेज स्वतः ठरवते, आणि नव्याने उभे राहणाऱ्या संघासाठी सर्वांत महत्त्वाचा निर्णय बहुधा हाच असतो.

गुणसंख्या १४–१४. शेवटची ११ सेकंद उरली असताना मॅकॅलेस्टरच्या किकरने २३ यार्डांवरून फील्ड गोल मारला, म्हणजे चेंडू लाथाडून खांबांमधून धाडला. त्याचे तीन गुण. दहा यार्ड मागचा पट्टा आणि चेंडू धरणाऱ्याचे सात वजा केले तर डाव सहा यार्डांच्या रेषेवर उभा होता. तेव्हा कॉलेजच्या खांबांमधले अंतर २३ फूट ४ इंच असे, आजच्यापेक्षा जवळजवळ पाच फूट जास्त, आणि चेंडू छोट्या टीवर ठेवायची मुभा होती. तरी त्यालाही चांगला स्नॅप लागतो, धरणारा लागतो आणि तेवढा वेळ टिकणारी लाइन लागते. १७–१४.

गुण घेतल्यावर किकऑफ आपण मारायचा असतो. ९७–६ च्या दिवशी मॅकॅलेस्टरवर ही वेळ फार तर एक-दोनदा आली असेल. आता ११ सेकंद बाकी होती, आणि अकरा जणांना चेंडूमागे धावत जाऊन समोरच्याला पाडायचे होते.